काकेरोरीच्या झाडाचा पत्रा

रविवारी चर्चमध्ये गाता गाता बाबा खाली बसले, ते उठलेच नाहीत. मंगळवारी आमच्या बेटावरच्या रिवाजाप्रमाणे त्यांना आमच्या अंगणात पुरलं. बुधवारी मी नूकूकाकांबरोबर दरीत गेले. गेल्याच आठवड्यात बाबांना तिथे काकेरोरीचं एक घरटं सापडलं होतं, आणि त्या झाडाला पत्रा लावायचा राहिला होता.

काकेरोरी हा पक्षी चिमणीएवढा. कोवळ्या वयात नारिंगी असतो, पुढे राखाडी होतो. मादी ओढ्यावर झुकलेल्या फांदीच्या बेचक्यात शेवाळाची वाटी विणते. तिच्या अंड्यांवर उंदीर टपलेले असतात, म्हणून आम्ही बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळतो. त्यावरून उंदराला चढता येत नाही.

काठीला बांधलेला आरसा मी वर धरला. दोन अंडी होती.

“एक तरी पिल्लू उडालं पाहिजे, काका. बाबांचं शेवटचं घरटं आहे.”

“उडेल गं. तू खिळा सरळ धर, नाहीतर आधी माझं बोट जाईल.”

पत्रा बसला. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मला भूक लागली. काकांनी आणलेला तारोचा उकडलेला कंद मी बोटं चाटत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पक्षी घरट्याभोवती कर्कश ओरडत होते. आरशात टरफलाचा एक तुकडा दिसला. पत्रा तर जागेवर होता.

मग खरखर ऐकू आली. बुंध्यावरून एक उंदीर खाली येत होता. पत्र्यावर पाय पडताच घसरला, धडपडत परत वर गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला.

काका तिथेच खाली बसले.

“काल शेंड्यात झोपला होता मेला. आपणच त्याला वर कोंडलं. दादा आधी झाड हलवून बघायचा.”

“मग काल का नाही बोललात?”

“दादा गेल्यापासून मला काही सुचतंय का, पाए?”

मी हातोडीने खिळे उपटायला लागले.

“राहू दे. मरू दे त्याला तिथेच उपाशी.”

“आणि त्याआधीच काकेरोरी पुन्हा इथेच अंडी घालायला आली तर?”

पत्रा सुटला. उंदीर माझ्या खांद्याला घासून खाली उतरला आणि झुडपात गेला.

बऱ्याच वेळाने मादी आली. रिकाम्या वाटीत डोकावली, काठावरचं शेवाळ चोचीने उपसलं आणि ते घेऊन ओढ्यापलीकडे गेली.

“काका, उठा. कुठल्या झाडावर बसतेय बघा, पत्रा तिथे लावू.”

काका उठले नाहीत. मी चपला काढून ओढ्यात उतरले.