डावीकडे न बघता

नव्या फुटबॉल क्लबात त्याचं नाव पहिल्याच दिवशी पडलं: जावई. तो आला तेव्हा अध्यक्ष स्वतः दारात उभे होते, कपडे बदलायच्या खोलीत खिडकीजवळची जागा त्याच्यासाठी रिकामी केली होती, आणि बाकीचे सगळे बाकावर दाटीवाटीने बसत असताना त्याला पाठीची खुर्ची दिली होती. खुर्ची डुगडुगायची. पण जावयाने खुर्चीबद्दल कुरकुर करायची नसते आणि घरच्यांनी जावयाबद्दल. त्याच्या किमतीत प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर झालं असतं, असं जुन्या प्रेक्षकांचं मत होतं. पाऊस आला की हे मत जरा मोठ्याने ऐकू यायचं.

त्याची सगळी ख्याती एका पासावर उभी होती. चेंडू पायात आला की मान न वळवता, टाचेने, मागे डावीकडे. जुन्या क्लबात त्या जागी त्याचा जोडीदार हजर असायचाच. दोघांचं असं जमलं होतं की एकाला शिंक आली तर दुसरा रुमाल काढायचा. जोडीदार गोल करायचा, तिथून तडक पळत यायचा आणि याला मिठी मारायचा. तेवढ्यासाठी लोक तिकिटं काढायचे. नव्या क्लबाने हा पास विकत घेतला. जोडीदार काही त्यात मिळाला नाही.

इथेही त्याने तोच पास दिला. चेंडू एकदा छायाचित्रकाराच्या पिशवीत गेला. एकदा समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने तो पायाने अडवला आणि अदबीने आभार मानले. प्रेक्षक आधी चुकचुकले, मग हसले. हसण्याचं त्याला जास्त लागलं.

डावीकडे खेळायचा तो काटकी. हातपाय काड्यांसारखे, वारा सुटला तर क्लबाने दोरी बांधावी असा, पण पळायला लागला की वाऱ्यालाच धाप लागायची. चेंडू बाहेर गेला की कोच काठावरून ओरडायचे, "काटक्या, तू कुठे होतास?"

काटकी जिथे असायला हवा तिथेच असायचा, म्हणजे पुढे. पण एवढी किंमत मोजून आणलेला माणूस चुकणं शक्य नव्हतं. मग चुकायला उरला कोण? काटकी "हो सर" म्हणायचा आणि सराव संपल्यावर शिक्षेच्या फेऱ्या मारायचा. जावई खिडकीतून त्या फेऱ्या बघायचा. पहिल्या वेळी तो बोलणारच होता, पण तेवढ्यात कोणीतरी त्याच्या घोट्यावर बर्फ ठेवला. बर्फ ठेवलेला माणूस सत्य कसं बोलणार? पुढच्या वेळी बर्फाचीही गरज लागली नाही. नवा बूट चावतो आणि मग पायाला बसतो, तशी लाजही बसली.

मग जुन्या क्लबाशी सामना आला. इथल्याच मैदानावर.

सामना बरोबरीत होता. शेवटी शेवटी पाहुण्यांना कॉर्नर मिळाला आणि जावई मदतीला आपल्या गोलसमोर आला. चांगल्या मनाने आला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हवं. चेंडू उसळून त्याच्या पायात पडला. मागून, डावीकडून, ओळखीची पावलं ऐकू आली. त्याला वाटलं, अखेर काटकीला समजलं! त्याने मान वळवली नाही. टाचेने चेंडू मागे दिला. या क्लबात आल्यापासून इतका सुरेख पास त्याने दिला नव्हता.

जोडीदाराने तो थेट जाळ्यात मारला.

इथवर अपघात म्हणता आलं असतं. पण जोडीदारही सवयीचाच गुलाम. गोल झाल्याबरोबर तो तडक पळत आला आणि त्याने जावयाला मिठी मारली. आणि जावयाचे हात, मालकाला न विचारता, त्याच्या पाठीवर गेले. मग दोघांनी एकमेकांचे शर्ट बघितले.

"अरे देवा," जोडीदार म्हणाला. "सॉरी रे."

मैदान इतकं शांत झालं की वरच्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली ते खालपर्यंत ऐकू आलं: "छप्परच घ्यायला हवं होतं."

सामना हरल्यावर खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. कोच आत आले आणि भिंतीकडे बघत सवयीने म्हणाले, "काटक्या, तू कुठे होतास?"

काटकी तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता, कारण कोचनीच त्याला तिथे उभं केलं होतं. तो एकदा जावयाकडे बघून खाली बघायला लागला. जावयाने बुटाची सोडलेली नाडी पुन्हा बांधली.

"उद्यापासून तू दुसऱ्या संघात," कोच म्हणाले. "कुंपणापलीकडच्या मैदानावर."

जावयाने घसा साफ केला. सगळ्या माना वळल्या.

"पाणी आहे का?" तो म्हणाला.

घरी बायकोने दार उघडलं. सामना तिने पाहिला होता.

"काय पळत आला रे तुझा जोडीदार! लग्नात मी एवढी पळत आले नव्हते."

तो हसला नाही. तीही मग थांबली. ताट वाढताना तिने विचारलं, "त्या काडीसारख्या मुलावर नाही ना ढकललं कोणी?"

"दुसऱ्या संघात पाठवलं त्याला."

"आणि तू काय बोललास?"

"पाणी मागितलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून पाण्याचा तांब्या आणला, त्याच्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. तहान लागलेली असूनही त्या तांब्याला हात लावायची त्याची छाती झाली नाही.

सकाळी तो कोचच्या खोलीत गेला. "सर, काटकीची चूक नव्हती. कधीच नव्हती. मी न बघता पास देतो. जुन्या जागी."

कोचनी उठून दार लावलं. "हे बाहेर बोलायचं नाही."

"पण खरं आहे."

"म्हणून तर दार लावलं. तू चुकलास म्हणजे तुला निवडणारा मी चुकलो. मी चुकलो म्हणजे अध्यक्ष चुकले. काटकी चुकला तर कोणाचं काही जात नाही."

"त्याचं जातं, सर."

"तो तरुण आहे," कोच म्हणाले. जणू तरुणांचं गेलेलं आपोआप परत येतं.

जावई मैदानावर आला. संघ रिंगण करून उभा होता. काटकी खांद्याला पिशवी लावून कुंपणाच्या फाटकाकडे निघाला होता.

"थांब!" जावई ओरडला. आवाज फाटला. "सगळ्यांसमोर सांगायचंय. तो पास मी त्याच्यासाठी देतच नव्हतो. जुन्या जोडीदारासाठी देत होतो. काटकी होता तिथे बरोबर होता. मला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी गप्प बसलो. शिक्षा त्याने भोगली."

त्याला वाटलं, आता कोणीतरी चकित होईल. कोणी झालं नाही. गोलरक्षक, ज्याला सगळे काका म्हणत, हातमोजे घालत म्हणाला, "झालं बोलून? आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं रे."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला कोण सांगणार, तू ताटाबाहेर सांडतोयस म्हणून?"

हे त्याच्या ध्यानात आलंच नव्हतं. आपण एक लाज झाकून बसलोय असं तो समजत होता, आणि ती तर रोज खिडकीजवळच्या खुर्चीत सगळ्यांसमोर बसत होती. त्याने काटकीकडे बघायचा प्रयत्न केला आणि त्याची नजर पिशवीपर्यंतच पोहोचली.

"मला वाटायचं, आज बोलशील," काटकी म्हणाला. "फेऱ्या मारताना खिडकीत दिसायचास ना. काल तर घसाही साफ केलास."

तेवढ्यात कोच आले. सगळा संघ त्यांच्याकडे बघत होता आणि मैदानाला लावायला दार नव्हतं. ते बराच वेळ शिट्टी पुसत राहिले.

"पिशवी ठेव, काटक्या," अखेर ते म्हणाले. मग जावयाकडे न बघता म्हणाले, "तू फेऱ्या मार. मी थांब म्हणेपर्यंत."

जावई धावायला लागला. खिडकीतून दिसायचं त्यापेक्षा मैदान बरंच मोठं निघालं. दुसऱ्या फेरीला डावीकडे पावलं ऐकू आली. त्याने मान वळवली. काटकी होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मला सवय झालीय."

जावई धावत राहिला, आणि दर थोड्या वेळाने डावीकडे बघत राहिला.

"समोर बघ, आपटशील."

"आहेस का ते बघतोय."

"पहिल्यापासून इथेच आहे," काटकी म्हणाला, आणि जावयाला धाप लागलेली बघून त्याने वेग थोडा कमी केला. त्या कमी केलेल्या वेगाचीच जावयाला सगळ्यात जास्त लाज वाटली.