उलटे तीन फेरे

नाचाच्या वर्गाला पहिल्या दिवशी गोपालकृष्णांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत आले आणि स्पीकरला हात जोडले. हॉलमधली वीस-बावीस माणसं हसली. सगळी पन्नाशीच्या अलीकडची-पलीकडची, कुणाला साखर, कुणाला झोप नाही. गोमतीला मात्र हसू आलं नाही. चूक सरळ होती. मधोमध प्लॅस्टिकच्या स्टुलावर स्पीकर आणि भोवती माणसांचं रिंगण, मग त्यांना समईच आठवणार. गोविंदपुरम्‌च्या भजनात मध्ये समई ठेवून भोवती नाचायची रीत, आणि त्या रिंगणात सगळ्यांत पुढे तीस वर्षं तिचा नवरा. जित्याची खोड, दुसरं काय!

पण गेले चौदा महिने ते पाऊल थांबलं होतं. पट्टीश्वरम्‌च्या रस्त्यावर एका लॉरीनं विश्वेशची मोटरसायकल उडवली. एकुलता एक मुलगा, सत्ताविशीचा, लग्न व्हायचं होतं. पोराला अग्नी देऊन बाप घरी आला, आंघोळ करून खिडकीपाशी बसला, तो बसलाच. रडला नाही. समोर ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही. तोंडातून ब्र नाही. पोरगा गेला तो गेला, आता नवराही डोळ्यांदेखत चाललाय, हे गोमतीला दिसत होतं, आणि त्याला धरायचं कुठं ते कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण चार माणसांत न्या, अंग हलू द्या. कावेरीच्या घाटाजवळच्या हॉलमध्ये कीर्ति नावाची मुलगी सकाळी गाणी लावून नाच शिकवते, व्यायामच म्हणायचा तो. गोमती महिनाभर नवऱ्याच्या मागे लागली. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी ती त्यांच्या घरातल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाली, “मज एकलीस जावयास भ्या लागते. तुम्ही सोबत या, इतकेंच.” तेव्हा ते उठले.

आणि हॉलमध्ये त्यांचे पाय आपोआप चालू लागले. गाणं सिनेमातलं, धांगडधिंगा नुसता, पण गोपालकृष्ण देवाला प्रदक्षिणा घालावी तशी स्पीकरला उजवी घालून असे फिरत की कीर्ति आपले हातवारे विसरून बघत राही. आठव्या दिवशी त्यांनी घरी येऊन स्वतःहून कॉफी मागितली. दहाव्या दिवशी दुपारी ते घोरत झोपले, आणि गोमती ते घोरणं ऐकत दाराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. एवढं गोड काही तिनं वर्षभरात ऐकलं नव्हतं. तिनं देवाला साकडं घातलं होतं, यांना एकदा रडू दे. आता तो दिवस दूर नाही असं तिला वाटलं.

बाराव्या दिवशी कीर्तिनं टाळी वाजवली. “एकाच बाजूनं फिरून चक्कर येईल. आता उलटे फिरा! तीन फेरे!”

त्या पोरीचा दोष नव्हता. सगळे हसत, एकमेकांवर आपटत उलटे वळले. गोपालकृष्ण जागीच थांबले. मग तेही वळले, पण नाचत नव्हते, चालत होते. त्यांचा डावा हात हळूहळू वर गेला आणि खांद्यापाशी थांबला, खांद्यावरचं काहीतरी सावरावं तसा.

गोमती रिंगणातून बाजूला झाली. बायका स्मशानात जात नाहीत. चितेभोवती उलटे फेरे घालतात, खांद्यावर पाण्याचं मडकं असतं, दर फेऱ्याला त्याला एक भोक पाडतात, हे तिनं दिराच्या तोंडून ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं. आज गाण्याच्या गोंगाटात, रंगीत टी-शर्टांच्या मधून, आपल्या पोराभोवती त्याचा बाप कसा फिरला ते तिनं पाहिलं. एक. दोन. तिसऱ्या फेऱ्याला त्यांनी मूठ उघडली, खांद्यावर नसलेलं मडकं मागे सोडून दिलं आणि ते सरळ दाराबाहेर चालू लागले.

“अहो!” ती धावली. “अहो, थांबा!”

त्यांनी मागे पाहिलं नाही. रस्ता ओलांडला, घाटाच्या पायऱ्या उतरले, कपड्यांसकट पाण्यात शिरले. मडकं सोडल्यावर वळून न बघता पाण्यापाशी जायचं असतं. पाणी कमरेला लागलं तशी गोमती साडी न सावरता आत उतरली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. हात लावायचा धीर होईना.

“वळा की हो इकडे.”

“वळूं नको म्हटले भटांनीं.” चौदा महिन्यांत त्यांनी त्या दिवसाबद्दल काढलेला हा पहिला शब्द. “पोर मागें होता, गोमती. जळत होता. मी त्यास सोडून चालत आलों. एकदां पण वळून पाहिलों नाही.”

शास्त्र काय म्हणतं, दोष कुणाला लागतो, सगळं ठाऊक होतं तिला. त्या शास्त्राचा तिला मनापासून राग आला.

“आज पाहा,” ती म्हणाली. “दोष लागो, माझ्या माथी लागो. मागें मी आहें.”

वर हॉलमध्ये कुणीतरी गाणं बंद केलं. घाटाच्या माथ्यावर कीर्ति आणि बाकीची माणसं येऊन उभी राहिली होती. मग गोपालकृष्ण वळले. त्यांनी गोमतीकडे पाहिलं, तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, पायऱ्यांवर, रस्त्यावर, पार लांबवर डोळे फिरवले.

“कोण्ही नाही गो,” ते म्हणाले.

आणि ते रडले. भर सकाळी, लोकांसमोर, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. गोमतीनं त्यांना घट्ट धरलं. याच रडण्यासाठी तिनं देवाला साकडं घातलं होतं, आणि आता तिला ते ऐकवत नव्हतं.