गिटारीला मांडवाची तार

हौशीरामचे हात कधी रिकामे राहायचे नाहीत, आणि जे काही झालं ते त्या हातांमुळंच झालं. येडगावात त्याची दोन एकर द्राक्षबाग. बागेचा मांडव त्यानं स्वतः उभा केलेला. लोखंडी अँगल, वर तारांची जाळी, आणि ती जाळी अशी ताणलेली की शेजारचे गेणभाऊ मुद्दाम येऊन तारेला टिचकी मारून बघायचे. गावात कुणाचा पंप बिघडला की हौशीराम. कुणाच्या मोटारसायकलची क्लच केबल तुटली की हौशीराम. एकदा त्यानं बायकोचा, कुशाबाईचा, मोडका चष्मा तारेनं असा जोडला की ती पुढं कित्येक दिवस तोच घालून हिंडली, आणि भेटेल त्याला दाखवून नवऱ्याचा उद्धार करत राहिली.

तर अशा माणसाच्या घरात, अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीत, एक गिटार होती आणि तिची एक तार तुटली होती. आता तुम्हीच सांगा, हात शिवशिवायचे थांबतील?

गिटार सुनेची. सून इंद्रायणी, माहेर खडकीचं. लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर काळ्या पिशवीतून ती गिटार उतरली, तेव्हा पावण्यारावळ्यांत बरीच कुजबुज झाली होती. "नारायणगाव जवळच हाय, तमाशाच्या फडात सोय हुईल पोरीची," असंही कुणीतरी बोललं होतं, आणि हौशीरामनं त्या पावण्याला जेवणाच्या पंगतीत परत कुणी वाढायला जाणार नाही अशी व्यवस्था केली होती. गिटार तिच्या वडिलांची होती. ते कारखान्यात नोकरीला, आणि गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. लग्नाच्या आदल्या वर्षी वारले. मागं राहिलेल्या सामानातली तेवढी एक वस्तू लेकीनं मागून घेतली.

सासरी इंद्रायणी बोलायला कमीच. तिचा नवरा संपत भाजीचा टेम्पो घेऊन निम्मा वेळ वाशीला. संध्याकाळी कामं उरकली की ती ओट्यावर बसून हळूच वाजवायची, आणि तेवढा वेळ ती या घरात पाहुणी वाटायची नाही. हौशीराम त्या वेळी नेमका ओट्यामागच्या खताच्या खोलीत असायचा. पोती मोजायला. खोलीत पोती किती आहेत ते कुशाबाईला ठाऊक होतं, पण तिनं कधी विचारलं नाही.

"तार पुण्याहून आणते येताना," असं म्हणून इंद्रायणी भाऊबीजेला माहेरी गेली. हौशीरामला वाटलं, पोरीला कशाला खर्चात पाडायचं? परत येईल तेव्हा तार बसवलेली दिसेल, खूश होईल. मनात माया होती हो, खोटं कशाला बोलू. पण हातात पकड होती.

मांडवाच्या तारांच्या भेंडोळ्यांतून त्यानं सगळ्यात बारीक तार निवडली. एक टोक घोडीत अडकवलं. घोडी म्हणजे गिटारीच्या पोटावर चिकटवलेली लाकडाची पट्टी, तारा तिथून निघतात. दुसरं टोक वरच्या खुंटीला गुंडाळलं. खुंटी बोटांनी फिरेना, म्हणून पकडीनं फिरवली. आता तार किती ताणायची, याचं हौशीरामचं एकच माप. टिचकी मारली की टणकन वाजली पाहिजे. वाजेना. अजून एक पीळ दिला. तरी भद्द आवाज. अजून एक.

मग जो आवाज झाला तो तारेचा नव्हता. घोडी मुळासकट उपटून आली आणि जाताना पोटाचा एक टवकाही घेऊन गेली. हौशीराम मांडी घालून तसाच बसून राहिला. माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणतात ते कुशाबाईनं त्या दिवशी बघितलं.

"काय केलंत?" तिनं विचारलं.

"तार बसवीत व्हतो."

कुशाबाईनं टवका उचलला, पदराला पुसला आणि त्याच्या हातात दिला. "तिच्या बापाची खूण व्हती ती," एवढंच म्हणाली आणि चुलीकडं गेली. रोज तोंडाचा पट्टा चालवणारी बाई गप्प बसली, याचीच हौशीरामला जास्त भीती वाटली. त्या पोरीला हे घर आत्ता कुठं आपलं वाटायला लागलं होतं. आता ती येणार, हे बघणार, आणि जन्मभर या घरात पाहुणीच राहणार. त्याला तेवढं एकच दिसत होतं.

जुन्नरच्या पेठेत तय्यबचं दुकान. भजनाच्या पेट्या, बँजो, ढोलक्या, काय वाट्टेल ते तो दुरुस्त करायचा. हौशीराम पोत्यात गुंडाळलेली गिटार घेऊन गेला. तय्यबनं पोतं उघडलं, आत बघितलं, मग तारेकडं बघितलं.

"भाऊ, ही तार कुठली?"

"मांडवाची."

तय्यब हसला नाही. त्यानं मान खाली घालून नाक पुसल्यासारखं केलं, पण हौशीरामला काय ते कळलं.

"गिटार मी दोनदाच उघडलीय," तय्यब म्हणाला. "खोटं सांगत न्हाई. पण लाकूड ते लाकूडच. टवका बसंल, घोडी चिकटंल. चार दिवस दाबून ठेवावी लागंल. डाग मात्र राहील."

"डाग न्हाई राहिला तर बरं. पैशाकडं बघू नको. सून यायच्या आत जशी व्हती तशी पायजे."

"सुनेची हाय?" तय्यबनं हात पुसले. "मग तिला घेऊन या. घोडी चिकटवली म्हंजे झालं न्हाई, सेटिंग करावं लागतं. तारा लाकडापासून किती उंच ठेवायच्या ते वाजवणाऱ्याच्या बोटानं ठरतं. कापड शिवायचं तर माप नको का?"

हौशीरामला हे सगळं तिच्या नकळत उरकायचं होतं. "अंदाजानं ठेव की राव."

"अंदाजानं तुमी केलंच की," तय्यब म्हणाला. "आणि तारा बी आणा. माझ्याकडं बँजोच्या हायेत, गिटारीच्या न्हाईत. मांडवाच्या तर न्हाईतच न्हाईत."

गिटार तय्यबकडं ठेवून घरी आल्यावर हौशीरामनं कुशाबाईला गळ घातली. "तू सांग तिला. बायांचं बायांना बरं पडतं."

"मी न्हाई. मोडताना मला इचारलं व्हतं?"

"सासऱ्यानं सुनेपुढं चुकलो म्हणायचं? कुटं असतंय का असं?"

"कुटं नसंल तर इथं असू द्या," कुशाबाई म्हणाली, आणि भाकरी थापायला लागली.

चार दिवस उलटले. संपत वाशीला अडकला होता, म्हणून सुनेला आणायला हौशीरामच खडकीला गेला. विहीणबाईंनी पाट मांडला, चकल्या आणि लाडू पुढं ठेवले. समोरच्या भिंतीवर इंद्रायणीच्या वडिलांचा फोटो. हसरा माणूस, आणि मांडीवर तीच गिटार. हौशीरामला चकली गिळेना. विहीणबाईंना वाटलं तिखट झाली, त्यांनी चकल्या उचलून शंकरपाळे ठेवले.

परतीच्या एसटीत इंद्रायणीला बायकांच्या सीटवर जागा मिळाली आणि हौशीराम मागं. चाकण आलं, तेव्हा त्यानं मनाशी ठरवलं की राजगुरुनगरला सांगू. राजगुरुनगरला एक माणूस कोंबड्यांची पाटी घेऊन मध्ये उभा राहिला. मग मंचरला. मंचरला इंद्रायणी मागं वळून म्हणाली, "मामा, पाणी हवं का?" सासऱ्याला ती मामा म्हणायची. हौशीराम पाणी प्यायला आणि मंचरही गेलं.

नारायणगावला उतरले. येडगावची जीप समोरच उभी होती. इंद्रायणी तिकडं निघाली तसा तो म्हणाला, "जरा जुन्नरला जाऊ."

"आत्ता? काय काम आहे, मामा?"

आता मात्र पुढं गाव उरलं नव्हतं. रसाच्या गुऱ्हाळापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, हौशीरामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "पोरी, तुझी गिटार मी मोडली. तार बसवाया गेलो, आन घोडी उपटली. तय्यबकडं दिलीय, त्यानं चिकटवलीय. पण चुकलं माझं. तुला इचारल्याबिगर हात लावायचा न्हवता."

इंद्रायणीनं पिशव्या खाली ठेवल्या. गुऱ्हाळाच्या घुंगरांचा आवाज चालू होता.

"ती पप्पांची होती," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"म्हाईत हाय. म्हणून तर खडकीपासनं तोंड उघडंना."

तिनं पदरानं डोळे पुसले, पिशव्या उचलल्या आणि म्हणाली, "चला." रागानं म्हणाली की कशानं, ते हौशीरामला कळलं नाही. जुन्नरपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि तो तिच्या अंबाड्याकडं.

तय्यबनं गिटार फळीवरून काढून तिच्या पुढं ठेवली. टवका बसला होता, घोडी जागेवर होती, पण भोवती एक तपकिरी रेघ उठून दिसत होती. इंद्रायणीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग पिशवीतून पुण्याहून आणलेलं तारांचं पाकीट काढून तय्यबला दिलं. त्यानं एकेक तार चढवली, सूर जुळवले. ती वाजवायला बसली आणि तय्यब तिच्या डाव्या हाताकडं वाकून बघत राहिला.

"ताई, बोटं दुखतात का?"

"दुखतातच. गिटार म्हणजे दुखणारच ना?"

"एवढी दुखायला नकोत. तारा लई उंच हायेत. आधीपासनंच असतील, घोडीवरची ही तारा टेकायची पट्टी जुनीच हाय. मोठ्या, कडक हाताच्या माणसानं बसवल्यात."

"पप्पांनी," ती म्हणाली. "ते म्हणायचे, उंच तारेचा आवाज मोठा येतो."

"येतो. पण त्याला हात तसा लागतो. पट्टी घासून खाली घेऊ, का राहू दे तशीच? एकदा घासली की परत वाढत न्हाई."

इंद्रायणीनं गिटार छातीशी धरली. आता दोघंही तिच्याकडं बघत होते. मोडलेली वस्तू दुरुस्त झाली, ते वेगळं. हे तर वडिलांनी ठेवलेलं होतं, आणि तिनंच बदलायचं होतं.

"मामा, तुम्ही सांगा," ती म्हणाली.

गावातल्या प्रत्येक गोष्टीवर न मागता मत देणारा हौशीराम. पण इथं त्यानं दम खाल्ला. टोपी डोक्यावर होती ती काढली, परत घातली.

"माज्या बानं पयला मांडव घातला तो सोताच्या उंचीचा," तो म्हणाला. "बा ताडमाड. आई टाचा वर करून घड विरळायची, तिचे खांदे गेले. बा मेल्यावर मी मांडव तसाच ठेवला. म्हटलं, बाच्या हातचा हाय. मग तुजी सासू आली. तीबी टाचा वर करायला लागली. एक दिस खांदा धरून बांधावर बसली ती उठंचना. तवा मी आख्खा मांडव उतरवून नव्यानं खाली उभा केला, तिच्या हाताला यील एवढा. लई वाईट वाटलं तवा." तो थांबला. "पण बा काय कमी झाला न्हाई, पोरी. अजून रोज भेटतो मला बागंत."

इंद्रायणी त्याच्याकडं बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून एवढं लांबलचक बोलणं या दोघांत झालंच नव्हतं.

"घ्या खाली," ती तय्यबला म्हणाली.

तय्यबनं पट्टी काढली, कानशीनं घासली, बसवली, तिला वाजवायला लावली, परत काढली. असं करता करता चहा येऊन गेला. शेवटी तिनं एक गाणं सुरू केलं आणि ते मध्ये कुठं अडखळलंच नाही. आवाज थोडा मऊ झाला होता. ती वाजवता वाजवता एकदम हसली, आणि हौशीरामचा जीव भांड्यात पडला. या वेळी पोती मोजायचं नाटक करावं लागलं नव्हतं. तो समोर स्टुलावर बसून उघड उघड ऐकत होता.

"किती झालं?" त्यानं विचारलं.

"दुरुस्तीचे दोनशे. सेटिंगचे पन्नास."

हौशीरामनं बंडीत हात घातला, तोच इंद्रायणीनं आपली छोटी पर्स उघडली. ओवाळणीतली पन्नासची नोट काढून तिनं तय्यबपुढं ठेवली.

"असं कसं, पोरी? मोडली मी."

"म्हणून दुरुस्तीचे तुम्ही द्या," ती म्हणाली. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "सेटिंग माझ्या हाताचं आहे. ते माझं मी देणार."

हौशीरामनं आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस न करता पैसे दिले. तय्यबनं नोटा घेतल्या आणि कोपऱ्यातलं मांडवाच्या तारेचं वेटोळं कागदात बांधून त्याच्या हातावर ठेवलं. "ही तुमची अमानत. बागंतच वापरा."

स्टँडवर नारायणगावची गाडी लागली होती. इंद्रायणीच्या दोन्ही हातांत पिशव्या. दाराशी ती थांबली, मागं वळली आणि खांद्यावरची गिटार उतरवून त्याच्यापुढं धरली.

"मामा, धरा जरा."

हौशीरामनं आधी हात धोतराला पुसले, मग धरली. आत एकच बाकडं मोकळं होतं. इंद्रायणी खिडकीशी सरकली आणि शेजारच्या जागेवर तिनं हात ठेवला, तसा तो तिथं बसला. गाडी हलली. खड्डा आला की तो गिटार वर उचलून धरायचा. तिकिटं फाडता फाडता कंडक्टरनं विचारलं, "काय आबा, तुमी वाजवता व्हय?"

"न्हाई. आमची सूनबाई वाजवती," हौशीराम म्हणाला, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "तिच्या हाताचं सेटिंग करून आणलंय."