मानेत शिरणारी सुई

मी एक जुनी, जाड, पोकळ सुई आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! माझ्या बहिणींनी गोधड्या शिवल्या. मी माणसांच्या मानेत शिरून त्यांचे जीव वाचवले.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. कोपरगावकडच्या एका छोट्या दवाखान्यात मी कामाला होते. दमयंती सिस्टर मला दगडावर घासून धार लावायच्या, पाण्यात उकळायच्या. हाताच्या शिरा मिटलेला रोगी आला, की डॉक्टर मला मानेच्या मोठ्या शिरेत घालायचे आणि माझ्या पोटातून बारीक नळी आत सरकवायचे. मग नळीला सलाईन जोडायचं. मोठं जोखमीचं काम!

एका दुपारी बन्सीला बैलगाडीतून आणलं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून चुलतभावानं त्याच्या मांडीवर कोयता घातला होता. गाडी रक्तानं निथळत होती. सिस्टरनी मांडी आवळून बांधली. मानेची शीर फुगावी म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा सारल्या. डॉक्टरांनी मला आत घातलं आणि माझ्या मागच्या तोंडातून काळपट रक्त ओघळलं. शीर सापडल्याची तीच खूण. पण दारातल्या सहादेवाला, बन्सीच्या थोरल्या भावाला, ते कुठलं ठाऊक?

"माझ्या भावाचा गळा चिरत्यात!" असं ओरडत तो आत घुसला. डॉक्टरांना त्यानं भिंतीवर आपटलं. सिस्टरनी झटकन माझ्या तोंडावर अंगठा दाबला. त्यानं त्यांची वेणी ओढली, तोंडावर बुक्की मारली, पाठीत लाथ घातली.

"मार हवं तेवढं!" सिस्टर किंचाळल्या. "अंगठा सुटला तर हवा आत जाईल. तुझा भाऊ मरेल!"

त्यानं पुन्हा हात उगारला. तेवढ्यात बन्सीची बायको मुक्ताबाई धावली आणि तिनं पितळी तांब्या दिराच्या कपाळावर हाणला. "भाऊजी, मागं सरा! माझं कुकू पुसायला निगालात व्हय?"

सहादेव मटकन खाली बसला. डॉक्टर धडपडत उठले. नळी आत गेली, सलाईन धावू लागलं.

संध्याकाळी बन्सीनं डोळे उघडले. पहिला शब्द काय, तर "माझा कोयता कुठं हाय?"

मला त्याचा भारी राग आला. मुक्ताबाईनं त्याची हनुवटी धरून तोंड सिस्टरकडे वळवलं. त्यांचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता.

"आदी हिकडं बगा," ती म्हणाली. "तुमचा जीव राखायला ह्या बाईनं मार खाल्लाय. आन् त्यो तुमच्याच भावाचा."

बन्सी बघत राहिला. कोयत्याचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

आता नव्या सुया आल्या आणि मी कपाटात गंजत पडले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मला खुशाल फेकून द्या. पण मित्रांनो, तुमचा जीव धरून बसलेल्या हातावर कधी हात उगारू नका. सगळ्यांनाच मार खाऊन अंगठा दाबून धरता येत नाही.