पाण्यात ओट्सची भेसळ

माझे सासरे पाणी पीत नाहीत. म्हणजे थेंबभरसुद्धा नाही. छत्तीस वर्षं ते दूध निरीक्षक होते आणि छत्तीस वर्षं त्यांचं भांडण एकाच गोष्टीशी होतं, दुधातल्या पाण्याशी. "जन्मभर ज्याच्याशी वैर केलं, ते घशाखाली कसं घालू?" म्हणतात. दिवसाला आठ पेले दूध, गोळीसुद्धा दुधाबरोबर, आणि बहात्तराव्या वर्षापर्यंत माणूस ठणठणीत! आता बोला.

मग गेल्या महिन्यात एका शनिवारी त्यांच्या पोटानं बंड केलं आणि डॉक्टरीणबाईंनी दूध साफ बंद केलं. झालं! दूध बंद, पाण्याशी उभा दावा. चहा नको, त्यात पाणी. सूप नको, त्यात पाणी. फळांचा रस दिला, तर "कोणी काढला, कुठे काढला, कुणासमोर काढला?" सोमवारी बाबा चक्कर येऊन बाथरूमच्या दारातच बसले. डॉक्टरीणबाईंनी त्यांची जीभ बघितली, मनगटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि मला म्हणाल्या, "गुरुवारी सहाला येते. तोवर पोटात काही पातळ गेलं नसेल, तर सरळ इस्पितळात नेऊन सलाईन लावणार."

"सलाईन म्हणजे काय, माहीत आहे ना?" त्या गेल्यावर बाबा खोल आवाजात म्हणाले. "मिठाची भेसळ केलेलं पाणी. मरेन, पण शिरेत घेणार नाही."

माझ्या काळजात धस्स झालं, कारण हा माणूस बोलतो तेच करतो. माझे वडील मी सहा वर्षांची असताना गेले. या घरात आल्यावर मला पुन्हा कुणाला तरी बाबा म्हणता आलं. त्यांना असं फुकाफुकी घालवायला मी काही वेडी नव्हते. नवऱ्याकडे बघितलं, तर त्यानं नेहमीसारखे हात वर केले. "तूच बघ काहीतरी, तुझं ऐकतात ते," म्हणाला. माझं ऐकतात म्हणे! दुधातलं पाणी पकडणाऱ्या आपल्या लॅक्टोमीटरशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत.

एकच आशा होती. बाबांचा जीव दुधातल्या थंड कॉफीवर. मग मी कंबर कसली. जाडसर कॉफी पावडर रात्रभर फ्रिजमध्ये भिजवली, सकाळी गाळली. ओट्स पंधरा मिनिटं भिजवून, निथळून, बर्फाच्या पाण्यात मिक्सरमधून काढले, तेही फक्त अर्धा मिनिट, कारण जास्त फिरवले की दूध बुळबुळीत होतं. पातळ कापडातून गाळलं, थोडं वेगळं ठेवून बाकीच्यात ती कॉफी ओतली. दोन खजूर वाटून घातले, वर बर्फ, आणि पेला त्यांच्यासमोर ठेवला. "दूध आहे, बाबा. पण गाईचं नाही, म्हशीचं नाही."

"मग कुणाचं?"

"ओट्सचं."

बाबांनी शर्टाच्या खिशातून लॅक्टोमीटर काढला. तो खिशातच असतो, चष्म्याच्या शेजारी. मी वेगळं ठेवलेलं ओट्सचं दूध त्यांनी मागवलं आणि त्यात तो सोडला. मेला मानेपर्यंत बुडाला! बाबांनी दोनदा वाकून बघितलं. "हे भेसळीचं दूध नाही," ते शेवटी म्हणाले. माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय, तोच पुढे म्हणाले, "हे भेसळीचं पाणी आहे. पाण्यात ओट्स मिसळलेत." मग नियमाप्रमाणे पेल्यातली कॉफी तीन बाटल्यांत भरली. एक प्रयोगशाळेला, एक विक्रेत्याला, एक स्वतःकडे. प्रयोगशाळा म्हणजे फ्रिजचा वरचा कप्पा आणि विक्रेता म्हणजे मी. प्यायला काय उरलं? पेल्याच्या तळाशी बर्फाचे दोन खडे.

बुधवारी बदामाचं दूध केलं. भिजवा, सोला, वाटा, गाळा, हात भरून आले माझे. पेल्यात बर्फ टाकला, तर बाबा ताडकन उठले आणि पुन्हा भोवळ येऊन बसले. "माझ्या डोळ्यांदेखत पाणी घालतेस? मिनिटामिनिटाला भेसळ वाढतेय!" पुन्हा तीन बाटल्या.

गुरुवारी मी पुन्हा ओट्सवर आले आणि कॉफीचाच बर्फ केला, म्हणजे वितळला तरी कॉफीच. चांगलं अक्कलहुशारीनं केलं होतं हो! साडेपाचला पेला ठेवला. बाबांचे डोळे खोल गेले होते, ओठ फाटले होते, आणि तरी त्यांनी एक खडा बशीत काढला, वितळू दिला, आणि म्हणाले, "हिच्यातही पाणी." बाटल्यांकडे हात गेला.

तेव्हा माझा बांध फुटला. "हो! आहे पाणी! मीच घातलं! गुन्हा कबूल, बाबा, करा काय करायचं ते!"

बाबांचा हात थांबला. चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा तरतरी आली. "छत्तीस वर्षांत," ते हळूच म्हणाले, "एकानंही सरळ कबूल केलं नव्हतं." त्यांनी वही ओढली. "मुद्देमाल जप्त. आता नमुन्याची गरज नाही. ओत सिंकमध्ये."

मी औषधांच्या गोदामात काम करते. मुदत संपलेला माल कसा नष्ट करायचा, हे मला कुणी शिकवायला नको. "सिंकमध्ये?" मी म्हटलं. "तिथून कुठे जाईल, कोण पिईल, जबाबदारी कुणाची? जप्त माल पुन्हा कुणाच्या वापरात येता कामा नये."

"जाळून टाक."

"कॉफी जळते का, बाबा?"

"मग याला पाज," नवऱ्याकडे बोट. त्या शहाण्यानं पेल्याला हात घातलासुद्धा! मी तो हात झटकला. "साक्षीदारानं मुद्देमालाला हात लावायचा नाही. अधिकाऱ्यानं स्वतः नष्ट करायचा, साक्षीदारांसमक्ष."

बाबा विचारात पडले. घड्याळात सहाला पाच कमी. मग त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, ताठ बसले, पेला उचलला आणि एका दमात कर्तव्य पार पाडलं. गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि मला समोरचं नीट दिसेना.

डॉक्टरीणबाई दारात आल्या, तेव्हा बाबांच्या मिशीला ओट्सचा फेस होता. "बसा जरा," बाबांनी हात दाखवला. "सरकारी काम चालू आहे." वहीत त्यांनी लिहिलं, 'मुद्देमाल नष्ट केला. साठा अपुरा होता.' मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पुन्हा असा गुन्हा करशील?"

"रोज करीन," मी म्हटलं. "दिवसातून आठ वेळा."

"मग मला रोज हजर राहावं लागेल."

"राहा ना, बाबा," मी म्हटलं, आणि ओट्स भिजत घालायला उठले.