फक्त शेजारी

ब्रेंडा हॉवर्थने चहाचा कागदी पेला दोन्ही हातांत धरला, पण ती प्यायली नाही. पोलिस ठाण्यातल्या त्या खोलीत समोर बसलेली तिची वकील, शाझिया मिर्झा, तिच्या मुलीहूनही लहान दिसत होती.

"भिंतीवर ठोकल्याचा आवाज आला, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"टीव्हीचा आवाज वाढवला."

"का?"

"नॉर्मन नेहमीच ठोकायचा. आवाज कमी कर म्हणून. त्यात आमचं वाजलं होतं. माझी ग्रेव्ही पाणचट असते म्हणाला. मग इतकी वर्षं गिळलीस कशी, म्हटलं, आणि निघून आले. परत गेलेच नाही. म्हटलं, येईल नाक घासत."

नॉर्मन शटलवर्थ येणार नव्हता. तो जिन्याच्या पायथ्याशी पडला होता, मांडीचं हाड मोडून. त्याचा हात पोचत होता तो फक्त दोन घरांमधल्या भिंतीपर्यंत. दारात दुधाच्या बाटल्या साठल्या, तेव्हा कुठे दूधवाल्याने पोलिसांना बोलावलं. तोवर तो गेला होता.

शाझियाने पेन खाली ठेवलं.

"मिसेस हॉवर्थ, आपला कायदा शिक्षा देतो ती केलेल्या कृत्याची. न केलेल्याची सहसा नाही. एखादा परका माणूस कालव्यात बुडत असेल आणि तुम्ही काठावर सँडविच खात बसलात, तरी तुम्हाला कोणी तुरुंगात टाकणार नाही."

"भलताच कायदा आहे."

"आहे खरा. पण एखाद्याची काळजी घेणं तुम्ही आपणहून अंगावर घेतलं असेल, तो तुमच्या भरवशावर जगत असेल, तर गोष्ट बदलते. मग काही न करणं हाही गुन्हा होऊ शकतो. खोटं बोला असं मी सांगू शकत नाही. गप्प राहायचा मात्र तुम्हाला हक्क आहे. त्याचं जेवणखाण तुम्ही बघायचात?"

ब्रेंडाने पेल्याची कड नखाने खरवडली. नॉर्मनच्या पायाची नखं फार जाड होती. कोमट पाण्यात बराच वेळ भिजवल्याशिवाय कात्री चालायची नाही, आणि मेला गुदगुल्या होतात म्हणून सारखा पाय ओढायचा.

"कधीमधी," ती म्हणाली. "रविवारचं उरलंसुरलं. शेजारी होता, एवढंच."

शाझियाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

पोलिसांसमोर तेच वाक्य पुन्हा बोलताना तिला कमी जड गेलं. प्रकरण पुढे गेलं नाही.

दफन झाल्यानंतरच्या आठवड्यात नॉर्मनची पुतणी, गेल, घर रिकामं करायला लीड्सहून आली. दुपारी तिने ब्रेंडाचं दार वाजवलं. तिच्या हातात ताटांची चळत होती, निळ्या काठाची.

"ही काकांची नाहीत. फोनवर सांगायचे, एक बाई रोज गरम जेवण आणते, औषधं देते. नाव विचारलं की म्हणायचे, तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा." गेल हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. "ती नसती तर मी केव्हाच वर गेलो असतो, म्हणायचे. आम्ही कोणी फिरकलो नाही हो. तिला निदान भेटावं तरी. तुमचीच का ही?"

वरच्या ताटाचा टवका उडाला होता. ब्रेंडाचा हात पुढे झाला आणि एप्रनमध्ये परत गेला.

"नाही गं पोरी. मी फक्त शेजारी."

"बरं. मग पुढे विचारते."

ब्रेंडा उंबऱ्यातच उभी राहिली. गेलने समोरचं दार वाजवलं. म्हाताऱ्या आयव्हीने दार उघडलं. ब्रेंडाला रोज संध्याकाळी झाकलेलं ताट नेताना तिने आपल्या खिडकीतून पाहिलं होतं, आणि "निघाली बघा राणीसरकारची स्वारी" म्हणून चिडवलंही होतं.

आयव्हीने ताटांकडे पाहिलं. मग गेलच्या खांद्यावरून ब्रेंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही बाई," ती म्हणाली. "मी नाही ओळखत."

गेल पुढच्या दाराकडे वळली.