अग्निबाणाचे एरंडेल

बहात्तरच्या दुष्काळात माणसे पाण्यासाठी भांडली, असे सारेच सांगतात. ते खोटे नव्हे, पण अपुरे आहे. दिंद्रुडात त्या वर्षी एक भांडण पाणी चुलीवर चढविण्यावरून झाले, आणि ते पाहिलेल्यांपैकी आता गहिनीनाथच तेवढे उरले आहेत. दूरदर्शनवर अग्निबाण सुटू लागला की घरातली मंडळी त्याचा जाळ पाहतात; गहिनीनाथांच्या नाकात मात्र भाजलेल्या एरंडीचा वास दरवळतो.

तेव्हा ते तेलबिया सहकारी संस्थेचे चिटणीस होते. करडई गेली, भुईमूग गेला, आणि संस्थेचा विजेवरचा घाणा बंद पडला. बी निवडणाऱ्या बायका सरकारी कामावर खडी फोडू लागल्या. चेअरमन बबनरावांनी स्वच्छ सांगून टाकले होते, "गहिनीनाथ, उन्हाळ्यातल्या सभेपर्यंत घाणा फिरला तर फिरला. न्हाई तर इकून टाकू. लोखंडाचं दर्शन घ्यायला संस्था काढली न्हाई आपण." घाणा गेला की संस्था गेली, हे कळायला चिटणीस असण्याचीही गरज नव्हती.

शिवारात हिरवे म्हणावे असे एकच झाड उरले होते, बांधावरचा एरंड. अशा दिवसांत वडवणीचा रामहरी गावी आला. केरळच्या किनाऱ्यावर अग्निबाणाच्या केंद्रात तो रसायनाचे काम करी, आणि संस्थेत बी निवडणारी दिंद्रुडची बायनाबाई ही त्याची सख्खी आत्या. घाण्याच्या शेडमध्ये बसून तो म्हणाला, "आमच्या अग्निबाणाचं इंधन पातळ नसतं, घट्ट असतं. जाळायची भुकटी एका रबरात कालवून नळीत भरायची. ते रबर एरंडेलापासून करायचे प्रयोग चाललेत. एक डबा तेल द्या. पसंत पडलं तर हंगामभर मागणी येईल."

"आन् ह्यो गडी वर जातो कशाच्या जोरावर?" बबनरावांनी विचारले.

"जळताना वायू होतो. तो मागच्या तोंडानं जोरात बाहेर पडतो, आणि नळी पुढं ढकलली जाते."

"म्हंजी मागं लाथ झाडायची आन् पुढं पळायचं. असलं जनावर आपल्या संचालक मंडळात दोन-चार हायेत."

रामहरी हसत परत गेला. डबा मागून पाठवायचा होता. गहिनीनाथांनी घाणा सुरू करायला माणूस बोलावला, तर बायनाबाई कमरेला पदर खोचून दारात उभी.

"घाण्याचं तेल गाडीच्या आखाला घालायचं, सेक्रेटरी. बाळंतिणीला आपण कोणतं देतो?"

"उकळून काढलेलं."

"मग आभाळात जायाचं तेल काय आखाचं धाडता व्हय?"

उकळून काढायचे म्हणजे एरंडी भाजायची, कुटायची, भरपूर पाण्यात शिजवायची आणि वर येणारे तेल पळीने निथळून घ्यायचे. पाणी कुठले? नदीच्या वाळूत झिरा खणून, त्यात पाझरेल ते बायका वाटीने भरीत. बबनराव संतापले. "माणसाला प्यायला न्हाई आन् तुमी तेलाला पाजता? डोकी ठिकाणावर हायेत का?"

"आमच्या वाटणीचं हाय," बायनाबाई म्हणाली. "तुमच्या बैलाच्या तोंडचं न्हाई काढलं."

आणि खरोखरच, संस्थेच्या बायकांनी आपापल्या घागरीतला तांब्या-तांब्या आणून हंड्यात ओतला. गहिनीनाथांनी स्वतःच्या घरचाही ओतला आणि दोन दिवस बायकोची बोलणी खाल्ली. तेल मात्र असे उतरले की डब्याचा तळ दिसावा. तडतड पुरती थांबेपर्यंत बायनाबाईने ते पुन्हा कढविले आणि झाकण लावण्यापूर्वी त्याला हात जोडले.

माघात रामहरी बायकोला पहिल्या बाळंतपणासाठी तिच्या माहेरी, वडवणीलाच, पोचवायला आला, तेव्हा त्याने कागदात गुंडाळलेला एक काळपट तुकडा शेडमध्ये आणला. तो त्यांच्या तेलाच्या रबराचा होता. चाकूने कापल्या जागी छिद्रेच छिद्रे दिसत होती. बायनाबाईने तो उजेडात धरला आणि तिचा चेहरा उजळला.

"जाळी लई बेस पडली की रं. माझ्या अनारशाला बी अशी पडत न्हाई."

"आत्या, जाळीच पडायला नको होती," रामहरी कष्टाने म्हणाला. "तेलात पाणी राहिलं. डोळ्याला दिसणार नाही इतकंच. पण रबर घट्ट करायला जे औषध घालतात, ते पाण्याशी भेटलं की वायू होतो आणि असे बुडबुडे धरतात. इंधन पेटलं की जाळ प्रत्येक भोकात शिरतो, नको तेवढा वायू एकदम होतो, आणि नळी उडायच्या ऐवजी फुटते."

मग बायनाबाईने तुकडा पुन्हा कागदात घातला, हलक्या हाताने, आजारी माणसाचे अंथरूण सारखे करावे तसा.

"कावून रं बाबा, आदी न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही आत्ताच्या दिवसांत तेलात पाणी घालाल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

आणखी एक डबा मागवायला त्याने साहेबांची परवानगी काढलेली होती. या वेळी बायनाबाईने वाद घातला नाही. नुसते हुकूम सोडले. एरंडी शेडच्या पत्र्यावर पसरली, आणि फाल्गुनाचे ऊन, ज्याला गावाने वर्षभर शिव्या घातल्या होत्या, ते तिच्यावर दिवसभर तापू दिले. घामाचा हात बियाला लावायचा नाही. देवळाबाहेर वहाणा ठेवाव्यात तसे पिण्याचे तांबे दाराबाहेर. मग घाणा फिरला. आखाचे म्हणून हिणवलेले तेल डब्यात पडू लागले, तेव्हा गहिनीनाथ दाराबाहेर उभे राहून पाणी प्यायले आणि आत जाण्यापूर्वी त्यांनी मिशा पुसल्या.

सभेच्या आदल्या दिवशी रामहरी बाळाला पाहायला आला, तो आधी दिंद्रुडला उतरला. तेल पसंत पडले होते. उरलेली सुकवणी केंद्रात यंत्राने होणार होती; मागणी हंगामभराची होती. बबनरावांनी घाण्यावर थाप मारली आणि म्हणाले, "आता ह्याला वैरण घाला." बायका खडीवरून परत आल्या.

पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. पाऊसपाणी सुधारले, साखर कारखाना आला, कालवा आला, आणि उसाला जागा हवी म्हणून बांधावरचे एरंड तोडले गेले. त्यात चूक कोणाची नव्हती, असे गहिनीनाथ आजही म्हणतात. तोडणाऱ्यांत तेही होते. भरल्या कालव्याच्या काठी संस्था विसर्जित झाली. दुष्काळाने जे चालविले होते ते सुकाळाने बंद पाडले, या विधानाला अनेकांनी हरकत घेतली.

परंतु अग्निबाणाचा जाळ पडद्यावरून दिसेनासा झाला की गहिनीनाथांना आठवते ते तेल पसंत पडल्याच्या दिवशीचे शेवटचे बोलणे. सगळे घाण्याभोवती जमले होते, आणि बायनाबाई एकटीच भाच्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारीत होती. गहिनीनाथ जवळ गेले.

"त्या पहिल्या डब्यातलं उरलेलं तेल रं? फेकलं त्यांनी?"

"फेकू कसं दिलं असतं, आत्या? मागच्या खेपेलाच परत आणलं. वडवणीला हाय. रोज पोराच्या टाळूला घालतेत अन् अंगाला चोळतेत."

"मानवलं का?"

"लई. बाळसं धरलंय म्हणून पत्र आलंय."

बायनाबाईने दाराबाहेर ठेवलेला तांब्या उचलला, दोन घोट घेतले आणि उरलेला गहिनीनाथांपुढे केला.

"घ्या सेक्रेटरी," ती म्हणाली. "पाणी वाया न्हाई गेलं."